कोहा फुकट आहे, मग पैसे कसले? कॉलेजांच्या खरेदी समित्यांना खुलं पत्र

नमस्कार,

आमच्या सोलापूर-धाराशिव-लातूर पट्ट्यातल्या सीनियर कॉलेजांचे प्राचार्य सर-मॅडम, खरेदी समितीचे मेंबर, आणि अकाउंटला बसणारे ते भाऊसाहेब ज्यांच्या सहीशिवाय बिल टेबलावरून हलत नाही, तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. ग्रंथपालांना वेगळं लिहीत नाही, कारण त्यांना यातलं बरंचसं माहितीये, फक्त मीटिंगमध्ये त्यांचं कोणी ऐकत नाही.

मी गेली अकरा वर्षं कॉलेजांच्या लायब्ररीत कोहा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो. बसवणं, जुना डेटा आत घेणं, बारकोड चिकटवून घेणं, स्टाफला शिकवणं आणि नंतर फोन आला की धावणं. यावर माझं घर चालतं. आणि दरवर्षी, विशेषतः कॉलेज तपासणारी नॅकची टीम यायच्या आधीच्या त्या धांदलीत, मला एकच प्रश्न विचारला जातो, कधी हसत, कधी चोर पकडल्यासारखा. प्रश्न असा की हे सॉफ्टवेअर तर नेटवर फुकट आहे, मग तुम्ही पैसे कसले लावताय?

मागच्या वर्षीचा किस्सा सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही. समितीपुढे माझं कोटेशन होतं. पहिल्या ओळीत मी प्रामाणिकपणे लिहिलेलं, सॉफ्टवेअरची किंमत शून्य. त्याखाली इन्स्टॉलेशन, एकवीस हजार पुस्तकांच्या डेटाची साफसफाई आणि ट्रेनिंग, सगळं मिळून अडतीस हजार अधिक जीएसटी. समितीतल्या एका सरांनी तिथल्या तिथे मोबाईल काढला, कोहाची साईट उघडली, डाउनलोडचं बटण मला दाखवलं आणि म्हणाले, "इथे तर फ्री आहे, आमची कॉम्प्युटर सायन्सची पोरं प्रोजेक्ट म्हणून करतील की." मी म्हटलं करतील सर, नक्की करतील, पण ती पोरं मे महिन्यात पास होऊन पुण्याला जातील आणि जूनमध्ये सर्व्हर बंद पडला की तुम्ही मलाच फोन कराल. हसले सगळे. पण ऑर्डर मला मिळाली नाही. ऑर्डर मिळाली दुसऱ्या एकाला, ज्याच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं "लायब्ररी सॉफ्टवेअर, लायसन्स फी साठ हजार, एएमसी पंधरा हजार" (एएमसी म्हणजे वर्षाची देखभाल). का, तर अकाउंटवाल्यांना "सॉफ्टवेअर खरेदी" या हेडखाली टाकायला किंमत लागते आणि डेडस्टॉक रजिस्टरला चढवायला एक वस्तू लागते. माझ्या शून्याला रजिस्टरमध्ये जागाच नव्हती!

आता गंमत पुढे. त्याच कॉलेजला पुढे बायकोला पेपरसाठी सोडायला गेलो होतो (ती तिथे एक्सटर्नल आहे), तर सहज लायब्ररीत डोकावलो. स्क्रीनवर नवंच नाव, नवा लोगो, निळ्या रंगाचं लॉगिन पान. पण वर ब्राऊझरच्या पट्टीत पत्ता बघितला तर सीजीआय-बिन, त्यापुढे तिरकी रेघ आणि त्यापुढे कोहा. म्हणजे लग्नात नवरीला नवं नाव ठेवतात तसं नाव बदललेलं, माहेर तेच. साठ हजारांना कॉलेजने घेतलं ते माझं शून्यवालंच.

आता तुम्हाला वाटेल मी म्हणणार की त्या माणसाने चोरी केली. नाही. इथेच बऱ्याच जणांची, आणि आमच्या ओपन सोर्सवाल्या (म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवाल्या) भाबड्या मंडळींचीसुद्धा, गफलत होते. त्याने साठ हजार घेतले यात बेकायदा काहीच नाही. सहा लाख घेतले असते तरी नाही. कोहा जीपीएल या लायसन्सखाली, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायच्या-वाटायच्या परवान्याखाली आहे, तिसरी आवृत्ती, २००७ सालची. त्याच्या चौथ्या कलमात सरळ लिहिलंय की प्रत्येक कॉपीला वाटेल ती किंमत लावा किंवा काहीच लावू नका, आणि सपोर्ट किंवा वॉरंटी देत असाल तर त्याचेही पैसे घ्या. जीपीएल ज्या रिचर्ड स्टॉलमनने लिहिलं तो स्वतः १९८५ च्या सुमारास त्याच्या ईमॅक्स या एडिटरची टेप दीडशे डॉलरला पोस्टाने पाठवायचा, आणि तीच गोष्ट ज्याला नेट होतं त्याला फुकट उतरवून घेता यायची. तेव्हा नेट किती जणांकडे होतं म्हणा.

उलट उदाहरण लिनक्सचं आहे आणि ते मला फार आवडतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ ला लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, लोकांसाठी खुलं केलं तेव्हा स्वतःचं एक छोटं लायसन्स लिहिलं होतं आणि त्यात अट होती की हे वाटायचे पैसे घ्यायचे नाहीत, हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. झालं काय, तर लोकांना यूजर ग्रुपच्या मीटिंगमध्ये फ्लॉपीवर कॉपी करून द्यायची होती, आणि फ्लॉपीचे पैसे तरी सुटले पाहिजेत ना, तेही घेता येईनात. काही महिन्यांतच, १९९२ च्या सुरुवातीला, त्याने ती अट काढली आणि लिनक्स जीपीएलखाली आणलं. म्हणजे विकायला बंदी होती तेव्हा ते पसरायला अडत होतं, विकायची मुभा दिल्यावर पसरलं. तुमच्या लायब्ररीतला सर्व्हर त्याच लिनक्सवर चालतो. आणि आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही कंपनी चौतीस अब्ज डॉलरला घेतली, ती कंपनी काय विकत होती? हेच. लिनक्स, आणि त्याच्यामागे उभं राहायची हमी.

अहो, एवढी मोठी मायक्रोसॉफ्ट, तीसुद्धा २०२२ मध्ये यात अडखळली. त्यांच्या स्टोअरसाठी त्यांनी नियम काढला की जे ओपन सोर्स सॉफ्टवेअर एरवी फुकट मिळतं ते इथे पैसे लावून विकायचं नाही. हेतू असा की कोणीतरी दुसऱ्याचंच सॉफ्टवेअर उचलून विकतो त्याला आळा बसावा. पण क्रिटासारखं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, जे क्रिटाच्या स्वतःच्या साईटवर फुकट आहे आणि स्टोअरमध्ये विकून त्याचे मूळ बनवणारेच कामाचा खर्च भागवतात, त्यांच्याच पोटावर पाय आला असता. बोंब झाली आणि मायक्रोसॉफ्टला नियम बदलावा लागला. तेव्हा सर, तुमची गफलत झाली यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग त्या साठ हजारवाल्याचं चुकलं कुठे?

त्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी मला नंतर त्याचं करारपत्र दाखवलं. दोन पानी, खाली त्याचा शिक्का. त्यात एक वाक्य होतं की सदर सॉफ्टवेअर ही कंपनीची खाजगी मालमत्ता असून संस्थेने त्याची प्रत कोणासही देऊ नये, अन्यथा कायदेशीर कारवाई. हे चूक आहे. साठ हजार चूक नाहीत, हे वाक्य चूक आहे. जीपीएल म्हणतं की तुला जे हक्क मिळाले तेच पुढच्याला द्यायचे, वर स्वतःच्या अटी लादायच्या नाहीत. तुमच्या कॉलेजला कोहाची कॉपी मिळाली की ती शेजारच्या कॉलेजला देणं, त्यात बदल करून घेणं, माझ्याकडून नाहीतर तिसऱ्याकडून दुरुस्त करून घेणं, हे सगळे हक्क त्या क्षणी तुमचे झाले. त्याने कोहात बदल केले असतील तर त्या बदलांचा सोर्स कोडही तुम्हाला मागता येतो. जगाला नाही हं, ज्याला कॉपी दिली त्याला, हेही लोक उलटं समजतात. आणि मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळी आणि लायसन्सचा कागद त्याने पुसून टाकला असेल तर तीही चूकच. नाव आणि लोगो बदलणं मात्र चालतं, मला ते कितीही खटकलं तरी.

कोहा हे नाव कुठून आलं ते एकदा सांगतो, कारण त्यात सगळं आलं. न्यूझीलंडमध्ये लेव्हिन नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर १९९९ च्या पुढची तारीख झेपणारं नव्हतं, तो दोन हजार सालचा घोळ आठवतोय ना. बाजारातली सॉफ्टवेअरं त्यांच्या अडचणीला बसेनात, मग त्यांनी कॅटिपो नावाच्या छोट्या कंपनीला पैसे देऊन नवीनच बनवून घेतलं. ३ जानेवारी २००० ला ते सुरू झालं आणि त्यांनी ते जीपीएलखाली सगळ्यांना देऊन टाकलं. परत बघा, पैसे देऊन बनवून घेतलं. पहिल्या दिवसापासून त्यात पैसे आहेत. आणि कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, पण आपल्या वाढदिवसाच्या गिफ्टसारखी नाही, पाहुणा जो घेऊन येतो आणि ज्याची परतफेड धरलेली असते ती. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे, आहेर. आहेराची वही असते घरात, कोणी काय दिलं आणि आपल्याला पुढे काय द्यायचंय. जीपीएल म्हणजे ती वही आहे. तुम्ही आहेराची साडी विकू शकता की नाही हा प्रश्नच नाही, वही फाडायची नाही एवढंच.

आता मी कशाचे पैसे घेतो ते. इन्स्टॉलेशन म्हणाल तर खरं सांगतो, डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून कोहाचं पॅकेज चढवायला मला अर्धा दिवस लागतो, त्याचे कोणी अडतीस हजार घेत असेल तर तो लुटतोय. खरं काम डेटाचं आहे. तुमचं दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन नोंद केलेलं. त्यात एकाच लेखकाचं नाव सात प्रकारे, कुठे आडनाव आधी, कुठे नुसतीच आद्याक्षरं, कुठे इंग्रजीत. जुना मराठी डेटा युनिकोडच्या आधीच्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो कन्व्हर्टरमधून काढला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि "वर्ष" चं काहीतरी विचित्र होतं, मग एकेक ओळ डोळ्याने बघावी लागते. एकाच दाखल अंकावर दोन पुस्तकं, कारण १९८७ साली कोणीतरी रजिस्टरची पानं संपली म्हणून नव्या रजिस्टरला परत एकपासून सुरुवात केली. हे मी बनवून सांगत नाहीये, एका कॉलेजात पाच दिवस फक्त या एका गोष्टीत गेले, मी आणि तिथले लायब्ररी अटेंडंट मामा कपाटापुढे स्टुलावर बसून, ते पुस्तक काढून मागचा शिक्का वाचायचे आणि मी टाइप करायचो. त्याचे पैसे. आणि जबाबदारीचे. जीपीएलच्या पंधराव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की या सॉफ्टवेअरला कसलीही वॉरंटी नाही, बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा. ती वॉरंटी मी देतो, पैसे घेऊन. ज्याला नको त्याने घेऊ नये, ज्याच्याकडे स्वतः करणारा माणूस आहे त्याने जरूर स्वतः करावं, मी येऊन चहा पिऊन जाईन आणि अडलेलं सांगेन.

इथपर्यंत लायसन्स तुमच्या बाजूने आहे. आता जिथे ते तुमच्या मदतीला येत नाही ते सांगतो, आणि हे नीट वाचा कारण यात मी कॉलेजं बुडताना बघितलीयेत.

दुसरं एक कॉलेज. त्यांनी सर्व्हर नको, क्लाऊडवर द्या म्हणून एका पुरवठादाराकडे वर्षाच्या भाड्याने कोहा घेतलं. तीन वर्षं बरं चाललं. चौथ्या वर्षी भाडं दुप्पट सांगितलं, कॉलेज नको म्हणालं, त्यांनी अकाउंट बंद केलं. डेटा मागितला तर काय दिलं असेल? पीडीएफ. एकवीसशे पानांची पीडीएफ, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत. बारकोड नाहीत, कोणाकडे कुठलं पुस्तक आहे ते नाही, विषय नाहीत. मॅडम रडायच्या बाकी होत्या. मी त्यांना घेऊन प्राचार्यांसमोर बसलो, सर म्हणाले "अहो पण ते ओपन सोर्स आहे ना, मग कायद्याने आपल्याला मिळायला पाहिजे." आणि मला सांगावं लागलं की नाही सर. जीपीएल लागू होतं कॉपी दिली तर. त्याने तुम्हाला कॉपी दिलीच नाही, त्याच्या मशीनवर तो चालवत होता आणि तुम्ही ब्राऊझरमधून वापरत होता. बदल केले असतील तर नेटवरून वापरणाऱ्यालाही सोर्स द्यावा लागेल असं म्हणणारं वेगळं लायसन्स आहे, एजीपीएल, पण कोहा त्याखाली नाही. आणि सोर्स मिळाला असता तरी काय, तो तर नेटवर पडलाय, तुम्हाला पाहिजे होता डेटा. डेटाबद्दल जीपीएल काय, एजीपीएल काय, एक अक्षर बोलत नाही. तो तुमच्या करारात लिहावा लागतो, आणि तुमच्या करारात काय होतं तर "सेवा समाधानकारक राहील".

त्या कॉलेजने शेवटी बावीस हजार पुस्तकांना परत बारकोड लावले. उन्हाळ्याच्या सुट्टीत.

म्हणून माझी मागणी, आणि ही फक्त माझ्या धंद्यासाठी नाही, माझ्या स्पर्धकांच्या कोटेशनलाही लावा. कोणीही लायब्ररीचं, अकाउंटचं, ऑफिसचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर विकायला आला तर किंमतीवरून त्याला चोर ठरवू नका आणि फुकट म्हणाला म्हणून संतही ठरवू नका. त्याला विचारा याचं मूळ नाव काय आणि लायसन्स कोणतं. मुंबईत बनलेलं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली आहे, संशोधन प्रबंध ठेवायला तुम्ही जे डीस्पेस वापरता ते बीएसडीखाली आहे, आणि बीएसडीत तर विकणाऱ्याने बदल स्वतःकडे ठेवले तरी चालतं, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ ठेवायची. म्हणजे "ओपन सोर्स आहे" एवढ्यावर काही कळत नाही, नाव विचारावं लागतं. जो नाव सांगायला टाळाटाळ करतो त्याला चहा पाजून पाठवा.

आणि वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या की सर्व्हरचा रूट पासवर्ड (सगळे अधिकार देणारा) आणि कोहाच्या सुपर लायब्रेरियनचा पासवर्ड बंद पाकिटात ग्रंथपालांकडे राहील. दर महिन्याला डेटाबेसचा पूर्ण डंप, म्हणजे सगळ्या डेटाची कॉपी, आणि पुस्तकांच्या नोंदी मार्क या लायब्ररीवाल्यांच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये कॉलेजच्या स्वतःच्या हार्डडिस्कवर येतील. पीडीएफ नाही, एक्सेल नाही. कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप घेतं हे खरं आहे, पण नुसतं पॅकेज टाकून सोडलं तर ते घेतं त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर आणि ठेवतं दोन दिवसांचाच. डिस्क गेली की डेटाही गेला, बॅकअपही गेला, दोघं हातात हात घालून. एका ठिकाणी मी हे सांगितलं तर भाऊसाहेब म्हणाले की मग बॅकअप म्हणतात कशाला. बरोबर आहे त्यांचं.

अकाउंटवाल्या भाऊसाहेबांना खास विनंती. "लायसन्स फी" हा रकाना भरला पाहिजे म्हणून प्रामाणिक माणसाला खोटं लिहायला लावू नका. माझ्या ओळखीचे दोघं आता तसंच करतात, शून्य लिहिलं की ऑर्डर जाते म्हणून पंचवीस हजार लायसन्स फी लिहितात आणि डेटाच्या कामाचे पंचवीस कमी करतात. एकूण तेवढंच. मग ऑडिटर विचारतो दरवर्षी लायसन्स रिन्यू का नाही केलं, आणि ग्रंथपाल माझ्याकडे रिन्यूअलचं सर्टिफिकेट मागतात, जे जगात कोणी देऊ शकत नाही, कारण हे लायसन्स संपतच नाही. सेवा या हेडखाली टाका ना. सेवाच आहे ती. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स वापरायचं धोरण काढलंय, सरकारी कार्यालयांसाठी आहे, तुम्हाला थेट लागू होत नसेल, पण ऑडिटरने भुवया उंचावल्या तर त्याची प्रिंट पुढे करायला हरकत नाही.

राहता राहिले ते मोबाईलवर डाउनलोडचं बटण दाखवणारे सर. सर, तुमच्या पोरांना खरंच प्रोजेक्ट द्या. मी फुकट शिकवीन, शनिवारी येईन. कोहाचं मराठी भाषांतर अर्धवट आहे, स्क्रीनवर अर्धं मराठी अर्धं इंग्रजी दिसतं, ते पूर्ण करायला पोरं लागतात, आणि ते केलं तर लेव्हिनपासून लातूरपर्यंत सगळ्यांना मिळेल. पण सर्व्हर त्यांच्या भरवशावर सोडू नका.

त्या साठ हजारवाल्या कॉलेजच्या मॅडमचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. तो पुरवठादार फोन उचलत नाही, एएमसी संपली, आणि पुस्तकं इश्यू होत नाहीयेत. मशीन कॉलेजातच होतं हे नशीब. मी गेलो, रिकव्हरी मोडमधून पासवर्ड बदलला, डेटा सगळा जागेवर होता, अडचण एवढीच की बॅकअपांनी नाही तर लॉगच्या फाईलींनी (सर्व्हर आपल्या कामाची टिपणं ठेवतो त्या) डिस्क गच्च भरली होती. पाऊण तासाचं काम. बिल दीड हजार लावलंय, सेवा म्हणून. सॉफ्टवेअरच्या ओळीत परत शून्यच लिहिलंय भाऊसाहेब, या वेळी तरी पास करा.

आपला,
कोहावाला